व्हायरसपेक्षा दंडाची भीती मोठी

आपल्या शाळेच्या संगणक कक्षाच्या दाराशी एक पाटी आहे. "पेन ड्राइव्ह आणू नये. संगणकात व्हायरस आढळल्यास त्या जागेवर बसलेल्या विद्यार्थ्याकडून ५० रुपये दंड घेतला जाईल." पाटी जुनी आहे, अक्षर सुबक आहे, आणि ती लावण्यात आमचाही हात होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही पाटी आता काढून टाकावी असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी या सर्वांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. नववीतली एक मुलगी घरच्या संगणकावर प्रकल्पासाठी चित्रे शोधत होती. एका साइटवर 'डाउनलोड' लिहिलेली तीन बटणे होती, त्यातले नको ते दाबले गेले आणि सगळी स्क्रीन लाल झाली. सायरन वाजू लागला. यांत्रिक आवाजातली एक बाई इंग्रजीतून बजावू लागली की संगणक बंद करू नका, तुमच्या बँकेची माहिती चोरली जात आहे, ताबडतोब खालच्या क्रमांकावर फोन करा. कोपऱ्यात चक्क 'इंदूर' असे गावाचे नाव. मुलगी घाबरली. तिने मॉनिटरचे बटण बंद केले आणि ती आईला फराळाच्या कामात मदत करायला स्वयंपाकघरात निघून गेली.

तासाभराने आजोबा पेन्शनचे स्टेटमेंट पाहायला बसले. मॉनिटर लावला तर तोच लाल पडदा. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, भाजीवाल्याला एक रुपया जास्त न देणारे. त्यांनी फोन लावला. पलीकडचा 'इंजिनिअर' अतिशय आदबशीर होता. त्याने सांगितलेला एक प्रोग्राम आजोबांनी उतरवून घेतला, त्यात दिसणारा आकडा त्याला वाचून दाखवला आणि माउसचा बाण आपोआप फिरू लागला. मग मधूनच स्क्रीन काळी झाली. "सर, सफाई चालू आहे, घाबरू नका." पावणेदोन तासांनी फोन ठेवला तेव्हा खात्यातून ३८ हजार रुपये गेलेले होते.

पैसे गेले याचे दुःख आहेच. पण आम्हाला लागून राहिले ते निराळेच. आजोबा फोनवर बोलत असताना नात शेजारच्या खोलीत होती. तिला सगळे ऐकू येत होते. असा फोन करू नये, हे संगणकाच्या तासाला तिला शिकवलेलेही होते. तरी ती गप्प बसली. नंतर तिने सांगितले, "मला वाटलं व्हायरस माझ्यामुळे आला. शाळेत पन्नास रुपये घेतात, घरी काय झालं असतं?"

ज्या घरात मूल बोलायला घाबरते, त्या घरात ठगाचे निम्मे काम झालेले असते. ती भीती घालायला आपण, म्हणजे शाळेनेच, हातभार लावला हे आम्हाला मान्य करावे लागते.

आता मुळात त्या लाल पडद्यामागे काय होते ते पाहू. काहीही नव्हते! तो व्हायरस नव्हता, ते एक साधे वेब पान होते. कोणत्याही वेब पानाला तुमच्या संगणकाच्या डिस्कमधल्या फाइली तपासता येत नाहीत. '२४७ फाइली तपासल्या, ५ व्हायरस सापडले' असे जे सरकताना दिसते ते चित्र असते, भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरातल्या देवासारखे. कुणाच्याही संगणकावर ते पान उघडा, तेच पाच व्हायरस सापडतील. मोबाइलवर उघडले तरी सापडतील. मग 'इंदूर' कसे कळले? आपण कोणतीही साइट उघडली की तिला आपल्या जोडणीचा पत्ता जातोच, आणि त्यावरून साधारण गाव ताडता येते. पोस्टाच्या शिक्क्यावरून पत्र कुठून आले ते कळते, तितकेच ते. स्क्रीन गच्च भरून गेली आणि बंद करायचे बटण दिसेना, त्याचे कारणही साधे आहे. ब्राउझरमध्ये पान पूर्ण स्क्रीनभर दाखवण्याची सोय असते, व्हिडिओ पाहताना आपण ती वापरतोच. एस्केपचे बटण थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक वेळा पान लहान होते. नाहीच झाले तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना 'मागची पाने परत आणू का' असे विचारले तर नको म्हणावे. गोष्ट तिथेच संपते. त्या मुलीच्या घरीही तिथेच संपली असती.

हा धंदा नवा नाही. आमच्या पिढीने तो 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' अशा नावांनी पाहिला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये या मालामागच्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाच्या कंपनीला न्यायालयात खेचले. खोटी तपासणी दाखवायची आणि मग ४० डॉलर किंवा त्याहून जास्त घेऊन 'इलाज' विकायचा. दहा लाखांहून अधिक लोक फसले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा दिला. यातली एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. या कंपनीने आपल्या जाहिराती चांगल्या, प्रतिष्ठित साइटवरही शिरवल्या होत्या. तेव्हा 'आमचा मुलगा वाईट साइटवर गेला असणार' हा जो पालकांचा पहिला संशय असतो, तो पुष्कळदा निराधार असतो.

पुढे एप्रिल २००९ मध्ये कॉन्फिकर या प्रसिद्ध वर्मच्या एका अवताराने संगणकात शिरून असाच एक नकली संरक्षक प्रोग्राम बसवला आणि सुमारे ५० डॉलर मागितले. म्हणजे चोरच पहारेकऱ्याचा गणवेश घालून दारात उभा. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इतर देशांच्या पोलिसांबरोबर कारवाई केली. कार्डाने येणारे पैसे अडवले जाऊ लागले तशी नकली प्रोग्राम विकणाऱ्यांची चलती कमी झाली. पण भीती विकणारे गेले नाहीत. त्यांनी प्रोग्रामऐवजी फोन नंबर छापायला सुरुवात केली.

फोनवरचा त्यांचा आवडता खेळ असा. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते. संगणकात घडणारी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तिच्यात लिहिली जाते, आणि धडधाकट संगणकातही तिथे लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. ठग ती वही उघडून दाखवतो आणि म्हणतो, "पाहा सर, हे सगळे व्हायरस." आजोबांनाही हेच दाखवले होते. ज्या माणसाने आयुष्यभर खतावण्या तपासल्या त्याला वहीतल्या लाल शाईने घाबरवले, यात ठगाची हुशारी होती असे नाही, पण त्याचे काम झाले.

आणि हे उद्योग नुसते पडद्याआडचे ठगच करतात असेही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो ही मोठी, नावाजलेली दुकानांची साखळी ग्राहकांच्या संगणकाची 'फुकट तपासणी' करून देत असे. सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे, संगणक मंद झाला आहे का, जाहिराती उसळतात का, अशा स्वरूपाचे. त्यातल्या एकालाही 'हो' म्हटले की तपासणीत काहीही निघो वा न निघो, दोष सापडल्याचा निकाल लागत असे. मग दुरुस्तीचे पैसे. २०१९ मध्ये त्या कंपनीने आणि तिला हा प्रोग्राम पुरवणाऱ्या कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. आपल्याकडेही 'संगणक स्लो झालाय ना? व्हायरसच असणार' हे वाक्य प्रत्येकाने ऐकले आहे. शाळेतला एक संगणक याच निदानावर दुरुस्तीला दिला होता. परत आला तो कोरा होऊन, चार वर्षांच्या स्नेहसंमेलनांचे फोटो घालवून. खरे कारण जुनी हार्ड डिस्क हे होते, हे नंतर कळले.

म्हणजे व्हायरस खोटेच असतात का? मुळीच नाही. आपल्या कक्षातच २००८-०९ च्या सुमारास 'न्यू फोल्डर'चा जो धुमाकूळ झाला होता तो माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. दिसायला पिवळे फोल्डर, पण होती ती प्रोग्रामची फाइल. उघडायला गेले की व्हायरस चालू. तो पेन ड्राइव्हवरून यायचा, आणि विंडोजची पेन ड्राइव्ह लावताच आपोआप चालू करण्याची सवय त्याच्या पथ्यावर पडायची. मायक्रोसॉफ्टने ही सवय विंडोज ७ मध्ये मोडली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तशी दुरुस्ती पाठवली. दंडाच्या पाटीने जे झाले नाही ते एका दुरुस्तीने झाले. तरी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेला पेन ड्राइव्ह आजही जपूनच लावावा. फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल अशी सेटिंग करून ठेवावी; फोल्डरच्या चित्रापुढे 'ईएक्सई' दिसले तर हात लावू नये. पेन ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर एकाएकी शॉर्टकट झालेले दिसले तरी रडू नये आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. फाइली बहुधा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या असतात.

आजोबांचा संगणक आम्ही दोघातिघांनी एका रविवारी बसून साफ केला, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण पालकांकडून हाच प्रश्न वारंवार येतो. पहिली गोष्ट, नेटची वायर काढली. दुसरी, त्या 'इंजिनिअर'ने बसवून घेतलेला दूरवरून संगणक चालवण्याचा प्रोग्राम काढून टाकला; त्याच्या जोडीला आणखी एक तसाच प्रोग्राम निघाला, तोही काढला. हे अशासाठी सांगतो की एक सापडला म्हणून थांबू नये, प्रोग्रामची यादी बसवल्याच्या तारखेप्रमाणे लावून त्या दिवशी बसलेले सगळे पाहावे. मग नेट जोडून विंडोजमध्येच असलेला डिफेंडर अद्ययावत केला आणि पूर्ण तपासणी लावली. तिला तीन तास लागले. चहा झाला, पोहे झाले. त्यानंतर ऑफलाइन तपासणी केली. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उभी राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणारे व्हायरसही सापडू शकतात. शेवटी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या साइटना सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ते पाहिले. अकरा अनोळखी साइट निघाल्या! कोपऱ्यात सारख्या उसळणाऱ्या 'तुमचा अँटिव्हायरस संपला' या पाट्या तिथून येत होत्या. कधीतरी 'अलाऊ' दाबले गेले होते, एवढेच. परवानग्या काढल्या, पाट्या थांबल्या. इतके सगळे करूनही, ज्या संगणकावर परका माणूस पावणेदोन तास बसून गेला त्यावर बँकेचा व्यवहार करावा असे आमचे मन घेईना. म्हणून कागदपत्रे आणि फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने बसवली. पासवर्ड मात्र आधीच दुसऱ्या फोनवरून बदलून घेतले होते. ते त्याच संगणकावर बसून बदलणे म्हणजे चोरासमोर नवीन कुलूप लावण्यासारखे.

पैशांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. आजोबांच्या मुलाने त्या रात्री घरी आल्याबरोबर बँकेला कळवले आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १२ हजार रुपये पुढच्या खात्यात अडवले गेले. नात दुपारीच बोलली असती तर बाकीचेही वाचले असते, असा हिशेब आम्ही मांडणार नाही. तो तिच्या मनात आधीच मांडून झाला आहे.

खऱ्या सूचनेची ओळख अगदी सोपी आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या चूक-सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. डिफेंडर सायरन वाजवत नाही, पैसे मागत नाही, घाई करत नाही. खरी सूचना आहे की काय अशी शंका आली तर त्या पाटीला हात न लावता स्टार्टमधून विंडोज सिक्युरिटी उघडून पाहावे. खरी असेल तर तिथे नोंद असतेच.

विश्वस्त मंडळींना एक-दोन गोष्टी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपल्या कक्षात एकेकाळी एका संगणकाचा परवाना घेऊन तोच चौदांवर चालवण्याची 'काटकसर' झाली. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या मराठी भावांनी क्विक हील उभे केले, त्याची गोष्ट आपण वर्गात अभिमानाने सांगतो आणि माल मात्र क्रॅक करून वापरतो, हे बरे दिसत नाही. शिवाय क्रॅक हेच व्हायरस येण्याचे मोठे दार आहे. आज विंडोजमधला डिफेंडर फुकट आहे आणि शाळेच्या कामाला पुरेसा आहे. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही सफाईची साधने विनामूल्य मिळतात. खर्च करायचाच तर तो जुन्या संगणकांवर करावा. विंडोज ७ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्ये थांबले, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्याकडे दोन्ही आहेत. जे संगणक नवी विंडोज पेलू शकत नाहीत त्यांच्यावर लिनक्स बसवावे. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे त्यावरच शिकवत आहेत. आणि कार्यालयातल्या निकालपत्रकांची एक प्रत आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी, संगणकाला जोडून नव्हे.

पालकांना एक अवघड गोष्ट. फोनवर बोलणारी ती आदबशीर मुले कुठली असतात? आपल्यासारख्याच गावांतली. जून २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना सोशल सिक्युरिटी क्रमांकाची भीती घालून लुबाडणारी कॉल सेंटरे आपल्या इंदुरातच पकडली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या नावाने तांत्रिक मदतीचे सोंग करणारी केंद्रे होती. बारावी झालेल्या मुलाला 'इंग्रजी येते ना, रात्रपाळी, पगार अधिक इन्सेंटिव्ह' अशी नोकरी चालून आली तर पेढे वाटण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, तिथे विकतात काय?

आता पाटीकडे परत. काही शिक्षकांचे म्हणणे असे की दंड काढला तर मुले बेफिकीर होतील. ही काळजी खोटी नाही. पण दंडाच्या वहीवरून आम्ही नजर फिरवली. ज्यांनी दंड भरला ती बहुतेक मुले स्वतः येऊन 'सर, काहीतरी झालंय' असे सांगणारी होती. जी गुपचूप जागा बदलून बसली त्यांच्याकडून कधीच दंड घेतला गेला नाही. म्हणजे इतकी वर्षे आपण खरे बोलण्याचे पन्नास रुपये घेत आलो. मुद्दाम खोडी करणाऱ्याला शिक्षा करायला शाळेचे नेहमीचे नियम आहेत, त्यासाठी व्हायरसची पाटी नको.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने प्रायोगिक म्हणून एक वही संगणक कक्षात ठेवली आहे. स्क्रीनवर काही विचित्र दिसले तर त्यात लिहायचे, नाव लिहिण्याची सक्ती नाही, रागावणे नाही. पाटीबाबतचा अर्ज विश्वस्तांकडे दिला आहे, पुढील बैठकीत तो यावा ही विनंती. आजोबांनी नववी-दहावीच्या मुलांसमोर येऊन स्वतःची हकीकत सांगायचे कबूल केले आहे, नातीने शेजारी बसावे या अटीवर.

वहीतली पहिली नोंद पाचवीतल्या कुणाची तरी आहे. "लाल लाल आलं होतं आणि आवाज येत होता. मी कशालाच हात लावला नाही. सरांना बोलवायला गेलो. सर डबा खात होते."